पहिली सुई कुठे टोचायची?

भिलाईत कुणाच्या छातीत कळ उठली की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते सेक्टर ९ चं. भिलाई स्टील प्लांटचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि संशोधन केंद्र याच सेक्टरात आहे. कारखान्याच्या आत मेन मेडिकल पोस्ट आहे, टाउनशिपचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत. रात्रपाळीत भट्टीवर असलेल्या कामगाराला हार्ट अटॅक आला, तरी डॉक्टर काही मिनिटांवर असतो. पण या भट्ट्यांत पडणारं लोहखनिज येतं ते बालोद जिल्ह्यातल्या दल्ली राजहराहून, सुमारे नव्वद किलोमीटरवरून. तिथल्या, किंवा त्याहून आडबाजूच्या, गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेल्या मोहला-मानपूरच्या माणसाला तोच अटॅक आला, तर कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेलं रुग्णालय गाठेपर्यंत दोन तास सहज जातात. गाडीच वेळेवर मिळाली नाही, तर चारही जातात.

हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि सहा ते बारा तासांत बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यामुळे तार आणि फुगा घालून रक्तवाहिनी उघडणारी अँजिओप्लास्टी चांगली की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चांगलं, हा मोठ्या शहरांतला वाद दुर्ग विभागात किंवा विदर्भाच्या पूर्व टोकाला फारसा कामाचा नाही. इथला प्रश्न वेगळा आहे. पहिली सुई कुठे टोचली जाणार, कोण टोचणार आणि त्यानंतर रुग्ण कुठे जाणार?

गुठळीमुळे अटॅक येतो हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. वैद्यकशास्त्राला ते पटायला मात्र बराच काळ लागला. १९७० च्या दशकातही अनेक तज्ज्ञांचं मत होतं की आधी स्नायू मरतो आणि गुठळी नंतर धरते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅकच्या पहिल्याच तासांत रुग्णांची अँजिओग्राफी केली. असं काही करणं तेव्हा धाडसाचं मानलं जाई. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हेच प्रमाण ६५ टक्के निघालं. म्हणजे गुठळी आधी होती, आणि काही जणांत शरीर स्वतःच ती विरघळवू पाहत होतं.

औषध तर त्याच्या कितीतरी आधीपासून हाताशी होतं. १९३३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना दिसलं की घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंतून असं काही द्रव्य सुटतं, ज्यामुळे माणसाच्या रक्ताची साकळलेली गुठळी पातळ होते. तेच स्ट्रेप्टोकायनेज. आधी ते फुप्फुसाभोवती साकळलेलं रक्त आणि पू काढायला वापरलं गेलं. १९५८ मध्ये सोल शेरी, फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी ते अटॅकच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं. १९७६ मध्ये मॉस्कोत येवगेनी चाझोव यांनी गुठळी विरघळवणारं औषध थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडलं, आणि १९७९ मध्ये जर्मनीत पीटर रेन्ट्रॉप यांनी तो मार्ग रूढ केला. भिलाईच्या वाचकाला चाझोव हे नाव थोडं जवळचं वाटेल. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने हा कारखाना उभा राहिला, त्याच देशातले हे हृदयरोगतज्ज्ञ. पुढे १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या, अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या संस्थापकांतही ते होते.

खरा निकाल लागला तो १९८६ मध्ये, इटलीत. ‘जीआयएसएसआय’ नावाच्या चाचणीत ११,८०६ रुग्ण होते आणि औषध होतं स्वस्तातलं, पंधरा लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज. एकवीस दिवसांत साध्या उपचारांवर असलेल्यांपैकी १३ टक्के दगावले, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले होते, आणि जितका उशीर तितका फायदा आटत गेला होता.

दोनच वर्षांनी ‘आयएसआयएस-२’ आली. १७,१८७ रुग्ण, चारशेहून अधिक रुग्णालयं. पाच आठवड्यांत काहीच न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के रुग्ण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी गेले. स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत हा आकडा ८ टक्के होता. पैशापावलीत मिळणारी ॲस्पिरिनची गोळी एकटी जवळजवळ इंजेक्शनइतकंच काम करते, हेही तिथेच कळलं. या चाचणीची एक गंमत डॉक्टर मंडळी अजून सांगतात. कोणत्या गटाला फायदा झाला आणि कोणत्या नाही, याची फोड करून द्या असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची राशीनुसारही फोड केली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो, असं त्यातून ‘सिद्ध’ झालं. आकड्यांचे हवे तेवढे तुकडे केले की काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

मग नवी औषधं आली. बेल्जियमचे डेझिरे कोलेन यांचं काम आणि जेनेनटेक कंपनीचं जनुकतंत्र यांतून अल्टेप्लेज तयार झालं. १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. ते गुठळीवर अधिक नेमकं काम करतं, पण किंमत स्ट्रेप्टोकायनेजच्या कितीतरी पट. १९९३ च्या ‘गुस्टो’ चाचणीत ४१,०२१ रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. तीस दिवसांत अल्टेप्लेजच्या गटात ६.३ टक्के मृत्यू, स्ट्रेप्टोकायनेजच्या गटांत ७.२ ते ७.४ टक्के. म्हणजे शंभरामागे साधारण एक जीव जास्त वाचतो, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो. श्रीमंत देशांनी तो एक जीव महागड्या औषधाने विकत घेतला. भारतातली बहुतेक रुग्णालयं पुढे पंधरा वर्षं स्ट्रेप्टोकायनेजवरच राहिली.

आता आडगावात जास्त उपयोगी ठरलेलं टेनेक्टेप्लेज हा अल्टेप्लेजचाच सुधारलेला अवतार. रेणूत तीन ठिकाणी बदल केल्यामुळे ते रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून तासभर ड्रिप लावावी लागत नाही. १९९९ च्या ‘असेंट-२’ चाचणीत जवळपास सतरा हजार रुग्णांत ते अल्टेप्लेजच्या तोडीस तोड निघालं. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे ६.२ टक्क्यांच्या आसपास.

प्रत्यक्ष खाटेजवळचा फरक पाहिला की हे नीट कळतं. स्ट्रेप्टोकायनेज शंभर मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात सोडायचं असतं. मध्येच रक्तदाब धाडकन खाली येतो, थंडी वाजते, अंगावर गांधी उठतात. नर्सला ड्रिप हळू करावी लागते, पाय उंच करावे लागतात, आणि कुणीतरी सतत उशाशी लागतंच. औषध जंतूंचं असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. म्हणून ते एकदा दिलं की पुन्हा देत नाहीत. टेनेक्टेप्लेजची पावडर सोबतच्या पाण्यात विरघळवायची, बाटली जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. वजन साठ किलोच्या आत असेल तर तीस मिलिग्रॅम, नव्वद किंवा त्याहून जास्त असेल तर पन्नास, मधल्यांना पाच-पाचच्या पायरीने. मग पाच ते दहा सेकंदांत एकदम शिरेत. त्याच नळीतून ग्लुकोज चालू असेल तर औषध साकळतं, म्हणून आधी आणि नंतर नळी सलाइनने धुवायची. गुठळी सुटताना हृदयाचे ठोके काही मिनिटं वेडेवाकडे पडतात. मॉनिटरवरचा तो गोंधळ पाहून नवखा डॉक्टर घाबरतो. अनुभवी डॉक्टर शॉक देण्याचं यंत्र जवळ ओढून ठेवतो, आणि बहुतेक वेळा मनातून खूश होतो, कारण रक्त पुन्हा वाहू लागल्याची ती एक खूण असते.

साठ ते नव्वद मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा. वर चढलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली आणि दुखणं थांबलं, तर औषध लागू पडलं. नाही, तर तातडीची अँजिओप्लास्टी. हा भाग सामान्य माणसाला सहसा कुणी सांगत नाही. इंजेक्शन म्हणजे उपचाराचा शेवट नव्हे. गुठळी विरघळली तरी ज्या चिरलेल्या, अरुंद जागेवर ती धरली होती ती जागा तिथेच असते. म्हणून औषध यशस्वी ठरलं तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘इंजेक्शन दिलं, बरं वाटतंय, आता घरी नेतो’ असं म्हणणारे नातेवाईक तालुक्याच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

हे औषध सगळ्यांना देता येत नाही, आणि चुकीच्या माणसाला दिलं तर घात करतं. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात झालेला असेल, मेंदूत गाठ असेल, नुकताच डोक्याला मार लागला असेल, शरीरात कुठे रक्त वाहत असेल, तर नाही. महाधमनी चिरल्याचं दुखणंही अटॅकसारखंच भासतं, तिथेही नाही. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा. ईसीजीत रेघ वर चढलेली नसेल, तर अटॅक असूनही हे औषध द्यायचं नाही. त्या प्रकारात फायदा होत नाही, नुकसानच होतं, हे १९९४ पर्यंत स्पष्ट झालं होतं. आणि सगळं नियमाने केलं तरी दर शंभर-दोनशे रुग्णांमागे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. छोट्या गावात एकट्याने ड्युटी करणाऱ्या डॉक्टरच्या मनातली भीती या एका रुग्णाची असते.

मग थेट अँजिओप्लास्टीच का करू नये? २००३ मध्ये एलन कीली यांनी २३ चाचण्या एकत्र करून दाखवलं की अँजिओप्लास्टीत सुरुवातीच्या आठवड्यांत ७ टक्के मृत्यू होतात, इंजेक्शनमध्ये ९ टक्के. वेळेत पोहोचणाऱ्याला अँजिओप्लास्टीच चांगली, याबद्दल आता दुमत नाही. भिलाई टाउनशिप, दुर्ग किंवा रायपूरमधल्या माणसाने तिचाच आग्रह धरावा. रायपूर तीस किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या आंबेडकर रुग्णालयाच्या आवारात सरकारी हृदयोपचार केंद्र आहे. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांची अट साधी आहे: निदान झाल्यापासून १२० मिनिटांत तार गुठळीपलीकडे जाणार असेल तर अँजिओप्लास्टी. ते जमणार नसेल तर निदानानंतर दहा मिनिटांत इंजेक्शन. कवर्ध्याहून किंवा मोहल्याहून निघालेल्या रुग्णाला १२० मिनिटांची अट पाळणं बहुतेकदा अशक्यच. सीमेपलीकडे भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्याही पुढे आहे. तिथे तर या अटीचा विचारच नको.

नेमक्या अशा रुग्णांसाठी ‘स्ट्रीम’ चाचणी झाली. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत आलेल्या, पण तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणाऱ्या १,८९२ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी टेनेक्टेप्लेज देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवलं. मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक, यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के आणि थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३ टक्के होतं, म्हणजे जवळपास सारखंच. मेंदूतला रक्तस्राव मात्र इंजेक्शनच्या गटात जास्त होता. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना अर्धा डोस द्यायचं ठरल्यावर तो बराच कमी झाला. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांना तातडीची अँजिओग्राफी लागलीच. म्हणजे इंजेक्शननंतर गाडी तयार नसेल, तर ही पद्धत अर्धवटच राहते.

भारतातलं चित्र बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या डेनिस झेवियर यांच्या नेतृत्वाखालच्या ‘क्रिएट’ नोंदवहीतून दिसलं. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ५० शहरांतल्या ८९ केंद्रांमधले २०,४६८ रुग्ण होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला होता. ज्यांना गुठळीचं इंजेक्शन मिळालं, त्यांना ते दारात आल्यावर सरासरी पन्नास मिनिटांनी मिळालं. गरीब रुग्णांत तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के, सधनांत ५.५ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला की ही तफावत जवळजवळ नाहीशी होते. गरिबाचं हृदय वेगळं नसतं, त्याला मिळणारे उपचार कमी पडतात, असा त्याचा सरळ अर्थ.

या सहा तासांतले बरेच तास घरातच जातात. ‘गॅस धरलाय’, ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पितात, ओवा चावतात, पाठ चोळून घेतात. मधुमेह्याला छातीत फारसं दुखतही नाही, नुसता घाम फुटतो आणि दम लागतो. बायकांचं दुखणं घरच्यांनी मनावर घ्यायलाच उशीर होतो. त्यानंतर गल्लीतला डॉक्टर, मग तालुक्याचं रुग्णालय, मग जिल्हा, मग शहर. प्रत्येक ठिकाणी ‘पुढे न्या’ एवढंच सांगितलं जातं.

ही साखळी मोडायची तर औषध रुग्णाकडे न्यावं लागतं. तामिळनाडूने तेच केलं. तिथल्या ‘स्टेमी’ (ईसीजीत रेघ वर चढलेला अटॅक) प्रकल्पात छोट्या रुग्णालयांनी ईसीजी काढून पाठवायचा, मोठ्या केंद्राने तो वाचून सांगायचं, इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि अँजिओग्राफीसाठी रुग्ण पुढे पाठवायचा. थॉमस अलेक्झांडर आणि अजित मुल्लासरी यांच्या गटाने २०१७ मध्ये २,४२० रुग्णांचा हिशेब मांडला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. दिल्लीत एम्सने २०१९ मध्ये ‘मिशन दिल्ली’ सुरू केलं. त्यात प्रशिक्षित नर्स मोटरसायकलवरून घरी जाते, ईसीजी पाठवते आणि डॉक्टरने सांगितलं तर तिथेच औषध देते. कर्नाटकाने अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना आणली आणि सरकारी रुग्णालयांत टेनेक्टेप्लेज फुकट ठेवलं.

मराठी वाचकाला सगळ्यांत जवळचा नमुना गोव्याचा. २०१८ च्या अखेरीस तिथे सरकारी ‘स्टेमी’ योजना सुरू झाली. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे केंद्र आणि जिल्हा रुग्णालयांपासून आरोग्य केंद्रांपर्यंतच्या जागा या त्याच्या शाखा. ईसीजी ऑनलाइन जातो, बंगळुरूच्या ‘ट्रायकॉग’ कंपनीची यंत्रणा आणि डॉक्टर तो वाचतात, आणि टेनेक्टेप्लेज रुग्णाला मोफत मिळतं. गोवा छोटा आहे, सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. एक जिल्हा पार करायला अर्धा दिवस लागतो अशा गडचिरोलीत किंवा बस्तरच्या तोंडाशी तसंच्या तसं जमणार नाही. पण गोव्याने एक गोष्ट करून दाखवली: औषधाचा निर्णय रात्रपाळीच्या एकट्या एमबीबीएस डॉक्टरच्या डोक्यावर टाकला नाही. ‘लाइज करा’, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध द्या, असं केंद्रातला तज्ज्ञ सांगतो आणि ते नोंदलं जातं. भीतीवरचा हा सगळ्यांत स्वस्त इलाज आहे.

पैशाचा अडसरही पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. स्ट्रेप्टोकायनेज भारतात बनवण्याचं मोठं काम चंदिगडच्या इमटेक संस्थेत गिरीश साहनी यांच्या गटाने केलं. त्यांच्या तंत्रावरची औषधं २००२ पासून भारतीय कंपन्यांनी बाजारात आणली. टेनेक्टेप्लेज पुण्याजवळ हिंजवडीत जेनोव्हा कंपनी बनवते. रेटेप्लेज हे याच घराण्यातलं औषध नवी मुंबईत रिलायन्स लाइफ सायन्सेस बनवते. तरीही फरक आहेच. स्ट्रेप्टोकायनेजचा डोस स्वस्तात येतो, टेनेक्टेप्लेज त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत टेनेक्टेप्लेज आलं, त्यामुळे सरकारी खरेदीला आधार मिळाला. जिथे महागडं औषध येईपर्यंत वाट पाहावी लागणार असेल, तिथे हाताशी असलेलं स्ट्रेप्टोकायनेज ताबडतोब देणं केव्हाही शहाणपणाचं. ‘गुस्टो’तला शंभरामागे एकाचा फायदा तासाभराच्या उशिरात कधीच वाहून जातो.

भिलाईच्या परिसराला हे सगळं अगदीच नवं नाही. दल्ली राजहरात खाणकामगारांनी १९८३ मध्ये वर्गणी काढून आणि श्रमदान करून शहीद हॉस्पिटल उभं केलं. शंकर गुहा नियोगींच्या संघटनेचं ते काम. मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता उपचार खाणीजवळ आणायचे, हा विचार तिथे चार दशकांपूर्वीच झाला होता. आता १०८ ची संजीवनी गाडी आहे, बहुतेक खिशांत ईसीजीचा फोटो पाठवता येणारा मोबाइल आहे. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टरही असतो.

अजून न सुटलेल्या गोष्टीही आहेत. ‘स्ट्रीम-२’ चाचणीत साठीच्या पुढच्यांना अर्धा डोस देऊन पाहिला. तरीही ४०१ पैकी सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांतल्या काहींत नियमांचं पालन झालं नव्हतं. साठ ते पंच्याहत्तर या वयोगटात डोस नेमका किती द्यावा, यावर अजून एकमत नाही. आपल्याकडे पन्नास किलोची माणसं भरपूर, आणि वजनकाटा बिघडलेला असला की वजन अंदाजाने लिहिलं जातं. वजनावर ठरणाऱ्या औषधात तो अंदाज महागात पडतो.

म्हणून तालुक्याच्या रुग्णालयाबद्दल आमदाराला किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न मोजके आणि नेमके आहेत. रात्री दोन वाजता ईसीजी काढणारा माणूस असतो का? तो ईसीजी कोण वाचतं, त्याचा नंबर भिंतीवर लावलेला आहे का? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन आणि गुठळीच्या औषधाची किमान एक तरी बाटली मुदतीच्या आत शिल्लक आहे का? शॉक देणारं यंत्र चार्ज केलेलं आहे का? इंजेक्शननंतर रुग्णाला चोवीस तासांत कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं आहे का, आणि तिथल्या अँजिओप्लास्टीचे पैसे आयुष्मानच्या कार्डावर भरले जातात का? बालोद, कवर्धा किंवा मोहल्यात या प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील, तर तिथल्या माणसाला सेक्टर ९ ची वाट अटॅकनंतरच्या पहिल्या तासात धरावी लागणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी धरली तरी चालेल.